फोटोकाकांचे सारस

ज्या माणसाने अख्ख्या गावाच्या हनुवट्या सरळ केल्या, त्याच्याकडे स्वतःचा एकही फोटो नसावा, ही देवाची थट्टा म्हणायची की माणसाची हलगर्जी, ते ज्याचे त्याने ठरवावे. फोटोकाकांच्या बाबतीत तसे होते खरे, आणि ते उघडकीला आले वनखात्याच्या खिडकीपाशी, जंगलात फोटो काढायच्या परवानगीचा अर्ज देताना, मागे रांग उभी असताना.

“अर्जदाराचे दोन फोटो,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“कोणाचे?”

“अर्जदाराचे. म्हणजे तुमचे.”

काकांनी खिशात हात घातला. खिशात फोटो नव्हते असे नाही. दूधवाल्याच्या मेव्हण्याचे होते, शाळेतल्या एका बाईंचे होते, नुकतेच दात आलेल्या एका बाळाचेही होते. आपला तेवढा नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फक्त इथे दिवा फ्लॅशचा होता.

“मी फोटो काढतो हो, काढून घेत नाही,” काका म्हणाले.

“मग एकदा घ्या,” कारकून म्हणाला आणि त्याने काकांच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे पाहिले.

आता, गल्लीच्या कोपऱ्यावरचा स्टुडिओ, त्यातले ते गोल स्टूल आणि मागचा निळा पडदा एवढेच ज्याचे जग, त्या माणसाला उतारवयात जंगलात जायची अवदसा का आठवावी? तर त्याचे कारण काकू.

काकू उन्हाळ्यात पडल्या. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. डबा वरच राहिला, काकू खाली आल्या. मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी ते जोडले, आणि छान जोडले. पण हाड जुळले तरी हिंमत जुळेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज यायच्या, पाय वर-खाली करून घ्यायच्या आणि शेवटी आर्जवाने म्हणायच्या, “काकू, आज उभं राहायचं ना?”

“उद्या नक्की,” काकू म्हणायच्या. इतक्या गोड आवाजात, की बाईंना रागावताही यायचे नाही.

असे उद्यामागून उद्या गेले. मग एकदा डॉक्टरांनी काकांना दाराबाहेर नेले आणि ते हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, माझं काम झालंय. आता त्यांनी मनावर घेतलं नाही, तर पाय चालणं विसरतील. मग माझ्याही हातात काही नाही.” त्या दिवसापासून काकांच्या घशाखाली घास उतरेना. संसारात या बाईने आपल्याला एकदाही बसू दिले नाही, आणि आता हीच अशी पडून राहणार, हा विचार त्यांना सोसवेना.

अशात एका दुपारी समोरच्या भिंतीकडे बघत काकू म्हणाल्या, “लहानपणी आम्ही उत्तरेकडे होतो ना, वडिलांच्या बदलीच्या गावी, तिथे घरामागे पाणथळ जागा होती. सारसाची जोडी यायची. माणसाएवढाले पक्षी, अहो! आणि काय नाचायचे! मी हातातलं टाकून पळायची बघायला. ते एकदा दिसलं ना, तर उठून बसेन बघा मी.”

दुसरा नवरा असता तर ‘हं’ म्हणून पेपरचे पान उलटता. पण फोटोकाका हाडाचे दुकानदार. त्यांच्या कानांना ही ऑर्डर ऐकू आली.

“उठून बसेन नाही. उभी राहीन म्हण.”

“बरं बाई, उभी राहीन. आणा तर खरे!”

झाले. काकांनी कॅमेऱ्याची तिपाई पुसायला घेतली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांना येत नाही असा विषय नव्हता, म्हणून गल्लीने त्यांचे नाव सर्वज्ञ ठेवले होते. ते लगेच वर आले.

“हिरवे कपडे घाला,” ते म्हणाले. “आणि आजपासून साबण बंद. जनावरांना वास येतो.”

“आजपासून? जायला अजून आठवडा आहे,” काका म्हणाले.

“तेवढा लागतोच वास जायला.”

काकूंची देखभाल करायला काकांची थोरली बहीण, आक्का, येऊन राहिल्या होत्या. त्या आतून म्हणाल्या, “आणि रेल्वेत शेजारी बसणाऱ्यांना काय नाकं नसतात?”

सर्वज्ञांनी ते ऐकले नाही. सल्ला देणाऱ्याचे कान सल्ला देताना बंद असतात, ही एक निसर्गाची सोयच आहे. “काळजी करू नका,” ते म्हणाले, “तुम्ही पोचलात की मी फोन करत जाईन. तिथल्या तिथे सांगेन काय करायचं ते.” जगात बऱ्याच धमक्या पोकळ असतात. ही नव्हती.

तर मुद्दा फोटोचा. काकांच्या दुकानासमोर एका तरुणाने नवा स्टुडिओ थाटला होता. काचेचे दार, आत थंडगार हवा, दोन मिनिटांत फोटो हातात. काकांनी त्या दुकानाकडे उघड्या डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. काय पाहायचे ते शटर ओढताना तिरक्या नजरेने. पण अडला हरी! काका रस्ता ओलांडून गेले. ओलांडताना त्यांना वाटले, सगळी गल्ली गॅलरीत उभी आहे. प्रत्यक्षात गॅलरीत एक मांजर होते, आणि तेही झोपलेले.

“या काका,” समोरचा म्हणाला. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. “बसा. हनुवटी जरा खाली.”

“खाली नाही, वर,” काका म्हणाले. “उजेड डावीकडून येतोय. नाकाची सावली पडेल.”

“काका, फोटो मी काढतोय.”

“काढ ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण तो दिवा जरा मागे घे.”

त्याने दिवा मागे घेतला आणि म्हणाला, “आता हलू नका.”

हा शब्द काकांच्या काळजात रुतला. ‘हलू नका’ हा काकांचा मंत्र. नवरा-नवरी असो, नाहीतर तान्हे बाळ असो, ‘हलू नका’ म्हटल्याशिवाय त्यांचे बोट बटणावर पडत नसे. समोरचा डोळ्याला डोळा भिडवून अगदी स्थिर झाला, की मगच एक फोटो. दुसरा काढावा लागणे म्हणजे पहिल्याचा अपमान. कॅमेऱ्यात हलती चित्रे घ्यायचीही सोय होती म्हणे. काकांनी ती कधी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. हललेले ते चित्र कसले?

पैसे द्यायला गेले तर पोरगा घेईना. “माझा शाळेचा पहिला फोटो तुमच्याकडचाच,” तो म्हणाला. “मी भोकाड पसरलं होतं. तुम्ही सगळी गिऱ्हाइकं थांबवून माझं रडं संपेपर्यंत बसून राहिला होतात. आई अजून सांगते.” काका नुसते “दिवा चांगला आहे हो तुझा” म्हणाले, आणि रस्ता परत ओलांडताना त्यांनी मांजराकडे ताठ मानेने पाहिले.

वनखात्याच्या खिडकीत कारकुनाने फोटो उलटसुलट करून पाहिला. “हे तुम्ही नाही वाटत.”

फोटोतला माणूस स्वतःहून पोलिसांत हजर झाल्यासारखा दिसत होता, हे काकांनाही मान्य होते. “मीच आहे,” ते म्हणाले.

“एकच कान दिसतोय.”

हे वाक्य काकांनी आजवर किती जणांना ऐकवले असेल! पेरावे तसे उगवते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या कानाकडे कारकुनाने दुर्लक्ष केले आणि विचारले, “व्यवसाय?”

“छायाचित्रकार.”

“मग हे व्यावसायिक चित्रीकरण झालं. कथा जोडा.”

“कसली कथा?”

“चित्रपटाची. कोणकोण आहे, काय काय होतं.”

“सारसाची जोडी आहे,” काका म्हणाले. “ती नाचते.”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“मग लोक बघतील कशाला?”

“लोकांनी बघायचं नाहीच आहे हो!” काकांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. “एकाच बाईला दाखवायचंय.” आणि मग त्या खिडकीच्या गजांना धरून त्यांनी सगळे सांगून टाकले. स्टूल, डबा, हाड, रोजचे ते ‘उद्या नक्की’. मागची रांग कुरकुरायची थांबली. कोणीतरी चुकचुकले. कारकुनाने अर्ज ओढून घेतला, ‘व्यावसायिक’वर काट मारली आणि बाजूला ठसठशीत अक्षरात ‘कौटुंबिक’ असे लिहिले.

“असा काही प्रकार नियमात नाही,” तो शिक्का उचलत म्हणाला, “पण एकदा शिक्का बसला की विचारतंय कोण?”

माणसात देव असतो म्हणतात. पण तो सरकारी खिडकीच्या आतही असतो आणि जेवणाच्या सुट्टीआधी भेटतो, हे काकांना त्या दिवशी कळले.

काका उत्तरेला पोचले. हिरवा शर्ट, हिरवी पँट, डोक्याला हिरवी टोपी. साबणाचा स्पर्श नाही. रेल्वेत त्यांना ऐसपैस जागा मिळाली होती, हा सर्वज्ञांच्या सल्ल्याचा एकमेव लाभ. जंगलात फिरवायला एक जीपवाला ठरवला होता. काकांचा अवतार पाहून तो म्हणाला, “साहेब, झाडीत उतरू नका हं. मला तुम्ही परत सापडायचा नाहीत.”

जंगल सुंदर होते. कोवळे ऊन, धुके, पाण्याच्या काठी हरणे. काकांनी तिपाई लावली, डोळा लावला आणि थांबले. हरणे चरत होती. काका थांबले होते. जीपवाला कुजबुजला, “काढा की, साहेब.”

“बघत नाहीयेत ना इकडे,” काका म्हणाले.

“ती कशाला बघतील?”

“मग चेहरा कसा येणार?” आणि काकांनी सवयीने बोटे वाजवली, “इकडे, इकडे! मान वर!”

हरणांनी मान वर केली, हे खरे. पण ती पळण्याआधीची मान होती. दुसऱ्या खेपेला एक काळवीट खरोखरच वळले, समोर आले, अगदी लग्नाच्या फोटोतल्या वरबापासारखे उभे राहिले. काकांचे बोट बटणावर टेकले आणि खिशात फोन खणखणला.

“वाऱ्याच्या उलट दिशेने उभे राहा,” सर्वज्ञ म्हणाले.

असे दिवसभर. फोन बंद ठेवावा, तर आक्कांचा यायचा, काकूंची खबर कळायची. म्हणून तो चालू ठेवायचा. आणि चालू ठेवला की सर्वज्ञ. साऱ्या जंगलात खरे गिऱ्हाईक म्हणावे असे एकच भेटले, ते म्हणजे एक म्हातारे माकड. ते दगडावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कॅमेऱ्यात असे रोखून पाहू लागले, की काकांनी आपोआप विचारले, “किती प्रती हव्यात?” सारस मात्र औषधालाही दिसले नाहीत. यंदा पाणी आटले, पक्षी कुठेतरी दुसरीकडे गेले, असे जीपवाला म्हणाला.

संध्याकाळी आक्कांचा फोन आला. “वहिनी जेवते नीट. पण आज व्यायामवाल्या बाईंना म्हणाली, आता नाही जमायचं बाई मला. उद्यासुद्धा म्हणाली नाही रे.”

काका मुक्कामाच्या खोलीत पलंगाच्या काठावर बसून राहिले. उद्या या शब्दाचा त्यांना किती आधार होता, ते तो गेल्यावर कळले.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. सकाळी स्टेशनाकडे निघाले तर वाटेत एका वस्तीजवळ जीपचे चाक बसले. जीपवाला शिव्या देत खाली वाकला. काका खाली उतरले. फोन पाहिला, सर्वज्ञांच्या उपदेशाने त्याचाही जीव गेला होता. समोर भाताची खाचरे, मध्ये पाणी, बांधावर एक गाय, पलीकडे दोन-चार घरे. सारस नाही तर नाही, निदान तिच्या लहानपणच्यासारखा गाव तरी नेऊ, असे म्हणून काकांनी तिपाई मांडली.

तिपाई मांडली की जगात कुठेही काय होते? माणसे जमतात. जवळच्या घरातली बाई डोकावली आणि तिने आत हाक दिली, “फोटोवाले आलेत!” मिनिटभरात अख्खे घर बांधावर. कोणी केस विंचरतोय, कोणी सदरा बदलून आलेला, आणि आजोबांना तर दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलेले.

“मी निसर्गाचा फोटो काढतोय,” काका म्हणाले.

“काढा की,” घरधनी म्हणाला. “आम्ही पुढे उभे राहतो, निसर्ग मागे राहू दे.”

खरे सांगायचे तर काकांचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी कोणीतरी त्यांच्याकडे तोंड करून उभे होते! “म्हातारी माणसं मधे. उंच मागे. ताई, तुम्ही जरा आत. अहो दादा, पोट आत घेतलंत तर श्वास पण घ्या.” काका हरवलेला सूर सापडलेल्या गवयासारखे रंगले. आजोबांची टोपी त्यांनी स्वतः जाऊन सरळ केली. परत आले, डोळा लावला. “हं. आता हलू नका.”

सगळे स्थिर झाले. पण चौकटीत मागे काहीतरी हलत होते.

“मागे कोण आहे? ओ, मागचे! हलू नका!”

मागचे हलतच राहिले. काकांनी वैतागून कॅमेऱ्यावरून डोके काढले.

खाचरात दोन सारस उतरले होते. उंच, राखाडी, माथ्यापासून मानेपर्यंत लालभडक. एकाने मान खाली घातली, पाण्यातली एक काडी उचलली आणि हवेत भिरकावली. दुसऱ्याने पंख पसरले. मग दोघे एकमेकांसमोर झुकले, उसळले, गिरकी घेतली; पाणी उडाले आणि त्या पाण्यात ऊन उडाले. आकाशाकडे चोच करून त्यांनी असा एकसाथ पुकारा केला, की बांधावरची गाय चरायची थांबली.

घरच्या मंडळींना यात नवल नव्हते. पण पाहुणा बघतोय म्हणून तीही वळून बघू लागली. काकांचे बोट बटणावर होते. ‘थांबा,’ ते मनात म्हणत होते, ‘एक क्षण थांबा, माझ्याकडे बघा.’ पण ते कशाला थांबतात! आणि मग काका मनात बोलायचेही विसरले. जन्मभर एक डोळा मिटून जग पाहिलेला तो माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून नुसता उभा राहिला. डोळ्यांत पाणी कधी आले, त्यांना कळले नाही.

नाच संपला. दोन्ही सारस शेजारी शेजारी उभे राहिले, अंग झाडले आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहू लागले. अगदी निश्चल.

खटक्.

गाडीत बसल्यावर काकांनी तो फोटो उघडून पाहिला. पुढे सात-आठ डोक्यांच्या मागच्या बाजू, एक खुर्ची, आणि मागे ओळखपत्राला चालतील असे दोन सारस. नाचाचा मागमूस नाही. काकांनी कपाळावर हात मारला. मागितले होते काय, नेतोय काय! स्टेशनामागून स्टेशने गेली, तसे त्यांचे तोंड आणखी उतरत गेले.

घरी काकूंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. आधी डोकी पाहिली, मग सारस.

“नाचले?” त्यांनी विचारले.

“नाचले,” काका म्हणाले. चोरासारखे.

“मग ते कुठंय?”

“हलत होते गं. मी थांबलो. त्यांनी थांबावं म्हणून. आणि मग बघतच राहिलो.” काका पलंगाच्या पायाशी उभे होते, हिरव्या शर्टाच्या गुंड्या चाळवत. “चूक झाली माझी. एवढ्या लांब गेलो, आणि तुझी एक गोष्ट मला आणता आली नाही.”

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. हा माणूस आपल्यासाठी साबण न लावता परमुलखात जाऊन आला, हे त्यांच्या डोळ्यांत दाटून आले होते, पण तोंडाने त्या म्हणाल्या, “तुम्ही पाहिलंत ना? मग दाखवा.”

“काय?”

“कसे नाचले ते.”

“अगं, मी? या वयात? दार उघडं आहे!”

“मग गेलात कशाला?”

काकांनी दाराकडे पाहिले. आक्का स्वयंपाकघरात होत्या. काकांनी हळूच मान खाली घातली, दोन्ही हात पसरले आणि एक उडी मारली. तांब्या कलंडला. खालून सर्वज्ञांनी छतावर काठी ठोकली. काकांनी गिरकी घेतली आणि ते खुर्चीला धडकले. काकू हसायला लागल्या. इतक्या, की उशीला धरावे लागले.

“अहो, हा सारस आहे की भुताटकी? मान आधी नाही. आधी पंख!”

“मान आधी. मी परवाच पाहिलंय.”

“मी रोज पाहिलंय! पंख आधी, मग मान, मग उडी. खांदे कसे ताठ धरलेत, टोपल्या उचलल्यासारखे!”

“असं?”

“तसं नाही हो! अरे देवा, काय माणूस आहे. थांबा, असं—”

आणि काकूंनी पांघरूण बाजूला सारले, पाय खाली सोडले, पलंगाच्या कठड्याला धरून अंगाला एक झटका दिला आणि त्या उभ्या राहिल्या. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, मान किंचित वर, आणि मग वाकून थेट पाण्यातली काडी उचलणारी. “असं. बघितलंत?”

आक्का ओल्या हातांनी दारात येऊन थांबल्या होत्या. काकूंनी आपल्या पायांकडे पाहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

“अहो,” त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “मी उभी आहे.”

काका दोन ढांगांत पुढे झाले आणि त्यांनी काकूंना घट्ट धरले. दोघांचेही पाय लटपटत होते, त्यामुळे कोण कोणाला सावरतेय हे सांगणे कठीण होते. देवाला हात जोडावेत असे काकांना त्या क्षणी फार फार वाटले. पण दोन्ही हातांत काकू होत्या.